कृपा फुकट असते का? मोडलेल्या माणसाविषयीची ख्रिस्ती शिकवण, सोप्या शब्दांत

एप्रिल २०२५ मध्ये ओडिशातील केओंझर तुरुंगातून जन्मठेपेचा एक कैदी चांगल्या वर्तणुकीच्या आधारे सुटला आणि पाव शतकापूर्वीचे एक प्रकरण पुन्हा वर्तमानपत्रांत आले. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर या गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेली असताना जमावाने ती गाडी पेटवून दिली होती. ग्रॅहॅम यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे लगेच जाहीर केले, शिक्षेचा विषय कायद्यावर सोपवला आणि पुढे २००४ पर्यंत बारिपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या क्षमेविषयी तेव्हाही लोकांना आदर वाटला आणि कोडेही पडले. ज्याने पश्चात्तापाचा शब्दही काढलेला नाही त्याला क्षमा कशी करता येते? अशी क्षमा न्यायाच्या आड येत नाही का? असे प्रश्न विचारले की श्रद्धावंत ख्रिस्ती माणसाकडून बहुधा एकच उत्तर येते, की ही माझी थोरवी नसून देवाची कृपा आहे. ऐकणाऱ्याला ते विनयाचे बोलणे वाटते आणि विषय तिथेच संपतो. पण त्या उत्तरामागे माणसाकडे पाहण्याची एक संपूर्ण रीत आहे, ती दोन हजार वर्षे वादातून घडत आली आहे, आणि ती समजून घेण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

आधी काही संज्ञा

ख्रिस्ती बोलण्यात ‘कृपा’ म्हणजे पात्रता नसलेल्या माणसावर देवाने आपण होऊन केलेले प्रेम. ‘तारण’ म्हणजे पाप आणि मरण यांच्या पकडीतून माणसाची सुटका. ‘नीतिमान ठरणे’ म्हणजे देवासमोर दोषमुक्त मानले जाणे. आणि ‘पुनःस्थापना’ म्हणजे तुटलेले नाते, गमावलेली जागा आणि काढून घेतलेली जबाबदारी परत मिळणे. पहिल्या तीन संज्ञांवर ग्रंथालये भरली आहेत. चौथीकडे मात्र उपदेशांतसुद्धा कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते सामान्य माणसाच्या आयुष्याला सर्वांत जवळची तीच आहे.

दोष कुठे आहे असे मानले जाते

पाप म्हटले की बहुतेकांच्या मनात वाईट कृत्यांची यादी येते: खोटे, चोरी, व्यभिचार, हत्या. ख्रिस्ती विचारात ही यादी आहेच, पण तिच्या मुळाशी एक अवस्था मानलेली आहे. पहिल्या शतकातील प्रेषित पौल याने रोम येथील मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तिचे वर्णन केले आहे: जे चांगले करावेसे वाटते ते माझ्याकडून होत नाही, आणि ज्याचा तिटकारा आहे तेच माझ्या हातून घडते. हे लिहिणारा माणूस निष्काळजी नव्हता. तो नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या परुशी पंथात वाढलेला होता, आणि नियम माहीत असणे व ते पाळण्याचे बळ असणे यांतले अंतर त्याने आतून अनुभवले होते.

पाचव्या शतकाच्या आरंभी याच अंतरावरून मोठा वाद पेटला. पेलागियस नावाच्या, ब्रिटनमधून रोमला आलेल्या तपस्व्याचे म्हणणे असे होते की देवाने आज्ञा दिली असेल तर ती पाळण्याची शक्तीही माणसाला दिलेली असणार, अन्यथा आज्ञेला अर्थ उरत नाही. हे म्हणणे हलके घेण्यासारखे नाही. रोममधील सुस्तावलेल्या, नावापुरत्या ख्रिस्ती लोकांना हलवून जागे करावे अशी त्याची तळमळ होती. त्याला उत्तर दिले ते उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचे बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी. त्यांच्या मते माणसाची इच्छाशक्तीच आजारी आहे, म्हणून आजारातून उठण्यासाठी तिच्यावरच विसंबून राहता येत नाही आणि मदत बाहेरून यावी लागते. ४१८ साली कार्थेज येथील परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली.

ज्याने घरात व्यसन, अनावर राग किंवा वर्षानुवर्षांचे खोटे बोलणे जवळून पाहिले आहे, त्याला ऑगस्टीन यांचे म्हणणे फार सांगावे लागत नाही. ‘मनावर घेतलेस तर होईल’ हे वाक्य अशा घरांत इतक्या वेळा उच्चारलेले असते की शेवटी ते मदतीपेक्षा आरोपच होऊन बसते.

सातबारा कोरा झाल्यावर

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) अठराव्या अध्यायात येशू एका कर्जदाराची गोष्ट सांगतो. एका राजाच्या दासाकडे दहा हजार तालांत येणे होते. त्या काळात एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणे झाले सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके. अनेक जन्म राबूनही ते फिटले नसते, आणि आकडा इतका अशक्य ठेवण्यामागे हेतू तोच आहे. तो दास ‘मला सवड द्या, मी सर्व फेडीन’ असे म्हणतो. राजा सवड देत नाही, सगळे कर्जच सोडून देतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हे समजण्यासाठी कर्जमाफीहून जवळचे काही नाही. सातबारा कोरा झाला म्हणजे शेतकऱ्याने काही कमावले असे होत नाही. ते मजुरीचे पैसे नव्हेत. पण ती रक्कम हवेतही विरत नाही, कोणाच्या तरी तिजोरीतून ती भरली जाते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणसाच्या अपराधाची किंमत देवाने येशूच्या रूपात वधस्तंभावर (क्रुसावर) स्वतः सोसली, म्हणून कृपा घेणाऱ्याला फुकट मिळत असली तरी देणाऱ्याला ती फुकट पडलेली नाही. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: बोजा उतरला तरी जमीन काल होती तशीच आज असते. विहिरीचे पाणी तेवढेच, बांध फुटलेलाच, मातीचा कस उतरलेलाच. कर्ज एका दिवसात माफ होऊ शकते, पण रान पुन्हा पिकते करायला हंगामामागून हंगाम जातात. क्षमा आणि पुनःस्थापना यांतला फरक नेमका हाच आहे.

ही तुलना एका ठिकाणी अपुरी पडते हेही सांगायला हवे. शेतकऱ्याचे कर्ज पुष्कळदा दुष्काळातून आणि पडलेल्या भावातून आलेले असते. त्यात त्याचा अपराध नसतो. ख्रिस्ती शिकवण ज्या ऋणाविषयी बोलते ते माणसाने स्वतः करून ठेवलेले असते आणि तरीही ते सोडले जाते.

‘हा तर सरळ अन्याय आहे’

प्रामाणिकपणे जगणाऱ्या कोणालाही हा आक्षेप सुचेल, आणि तो येशूच्या स्वतःच्या गोष्टींत आधीच उभा आहे. द्राक्षमळ्यात पहाटेपासून राबलेल्या मजुरांना आणि दिवस मावळताना आलेल्यांना मालक सारखाच एक दिनार देतो, तेव्हा पहाटेचे मजूर कुरकुर करतात. त्यांची कुरकुर मूर्खपणाची ठरवलेली नाही. मालक एवढेच म्हणतो की ठरलेली मजुरी मी तुम्हाला दिली आहे, मग मी उदार झालो म्हणून तुम्हाला वाईट का वाटावे?

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या मुलाची गोष्ट तर सर्वांना माहीत असते, पण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. धाकटा मुलगा वाटणी मागून परदेशी जातो, सगळे उधळतो, डुकरे राखण्याची पाळी आल्यावर परततो आणि मला चाकर म्हणून ठेवा असे म्हणायचे ठरवतो. बाप त्याचे पाठ केलेले भाषण पुरे होऊ देत नाही. उत्तम झगा, हातात अंगठी, पायांत जोडे मागवतो. हे चाकराला देण्याचे सामान नव्हे. घरातील मुलाची जागाच त्याला परत दिलेली आहे. त्यानंतर शेतातून थोरला मुलगा येतो आणि आत यायला नकार देतो. इतकी वर्षे मी राबलो, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, मला मित्रांबरोबर मेजवानी करायला कधी करडूसुद्धा दिले नाहीत, हे त्याचे म्हणणे आहे. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. तो मुलगा पुढे आत गेला की नाही, हे गोष्टीत सांगितलेलेच नाही. येशूसमोर हे ऐकत असलेल्यांत पापी लोकांबरोबर त्याने जेवू नये असे म्हणणारे शास्त्री आणि परुशी होते. ती उघडी ठेवलेली जागा त्यांची होती. चांगले वागून घरात राहिलेला माणूसही बापापासून दूर असू शकतो, आणि कृपेची गरज त्यालाही आहे, हा या गोष्टीचा दुसरा आणि अधिक अवघड अर्धा भाग आहे.

पेत्राला तीनदा विचारलेला प्रश्न

पुनःस्थापना कशी दिसते ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पाहायला मिळते. येशूला अटक झाली त्या रात्री त्याचा सर्वांत पुढे पुढे करणारा शिष्य पेत्र याने ‘मी या माणसाला ओळखत नाही’ असे तीनदा सांगितले होते. पुनरुत्थानानंतर, म्हणजे मरणातून उठल्यावर, गालील सरोवराच्या काठी येशू त्याला भेटतो. त्या भेटीत ‘मी तुला क्षमा केली’ असे वाक्य कुठेच नाही. न्याहारी होते, आणि मग ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असा प्रश्न तीन वेळा विचारला जातो. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी होतो असे मजकुरात स्पष्ट आहे, कारण त्या तीन प्रश्नांना मागच्या तीन नकारांची आठवण जोडलेली आहे.

म्हणजे जे घडले ते झाकलेले नाही. त्याला नेमके तिथेच हात घातला आहे. आणि प्रत्येक उत्तरानंतर पेत्राला काम दिले जाते: माझी मेंढरे चारायला ने, ती पाळ, म्हणजे माझ्या अनुयायांना सांभाळ. आपल्या व्यवहारात आपण बहुधा उलटे करतो. ‘जाऊ दे, विसरून जा’ असे म्हणतो आणि त्या माणसावर पुन्हा विश्वास मात्र कधी टाकत नाही. पेत्राच्या बाबतीत विसरणे नाही, आणि विश्वास पूर्ण आहे.

दाखला घेतलेले ख्रिस्ती

अशी गोष्ट ग्रंथात असणे वेगळे आणि खऱ्या माणसांच्या समूहाने तसे वागणे वेगळे. तिसऱ्या शतकात मंडळीची याबाबत कठोर परीक्षा झाली, आणि ते प्रकरण आज फारसे कोणी सांगत नाही म्हणून ते जरा तपशिलाने सांगतो.

इ.स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियस याने फर्मान काढले की साम्राज्यातील प्रजेने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा अधिकाऱ्यांचा दाखला घ्यावा. असे काही दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. काही ख्रिस्ती लोकांनी नकार दिला आणि ते तुरुंगात गेले किंवा मारले गेले. फार मोठ्या संख्येने लोकांनी बळी दिला. काहींनी बळी न देताच लाच देऊन दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे परत आले आणि आम्हाला पुन्हा मंडळीत घ्या असे म्हणू लागले. त्याच मंडळीत तुरुंगातून सुटून आलेले लोक होते, मारल्या गेलेल्यांच्या घरचे होते.

दोन टोके तयार झाली. रोममधील नोवेशियन या विद्वान धर्मगुरूचे म्हणणे होते की देव अशांना क्षमा करील तर करो, पण त्यांना परत घेण्याचा अधिकार मंडळीला नाही. दुसरीकडे, तुरुंगात छळ सोसलेल्या काहींनी आपल्या मानाच्या बळावर परत येणाऱ्यांना क्षमापत्रे वाटायला सुरुवात केली, आणि चौकशी न करताच लोक ती घेऊन दारात उभे राहू लागले. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी दोन्ही टोके नाकारली. ते स्वतः छळाच्या काळात लपून राहिले होते आणि पत्रांतून मंडळी सांभाळत होते; त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली होती. २५१ साली भरलेल्या परिषदेत सरसकट निर्णय झाला नाही. नुसता दाखला घेतलेला कोण, स्वतः बळी दिलेला कोण, कोणावर किती बळजबरी झाली हे तपासायचे ठरले; पश्चात्तापाचा काळ ठरला; पण परतीचा रस्ता कायमचा बंद करायचा नाही हेही ठरले. पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा पश्चात्ताप करणाऱ्या सर्वांना लवकर आत घेण्यात आले, कारण उद्या पुन्हा परीक्षा आली तर त्यांनी ती बाहेर एकट्याने का द्यावी, असा विचार झाला. सिप्रियन २५८ साली हुतात्मा झाले.

३२५ साली नायसियाच्या परिषदेने बळजबरीशिवाय श्रद्धा सोडलेल्यांसाठी केलेला नियम याच वळणाचा आहे. तीन वर्षे केवळ श्रवण करणाऱ्यांत बसावे, सात वर्षे गुडघे टेकणाऱ्यांत राहावे, दोन वर्षे सर्वांबरोबर प्रार्थना करावी पण प्रभुभोजनात (भाकर व द्राक्षारसाच्या विधीत) भाग घेऊ नये, आणि मग पूर्ण सहभाग. एकूण बारा वर्षे. आजच्या वाचकाला हे निष्ठुर वाटेल. मला त्यात दुसरेही काही दिसते: त्या बारा वर्षांत तो माणूस मंडळीतच आहे, लोकांच्या नजरेसमोर आहे, आणि परतीची तारीख त्याला माहीत आहे. ज्या समाजात एकदा नाव गेले की ते परत मिळण्याची तारीख कधीच येत नाही, त्याने या नियमाला कठोर म्हणताना थोडा विचार करावा.

मग कसेही वागले तरी चालेल?

कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावे काय, हा प्रश्न पौलाने रोमकरांस लिहिलेल्या त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच विचारला आहे आणि ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले आहे. त्याचे कारण असे की कृपा शिक्षा टाळून देते तेवढेच करत नाही, ती पापाच्या सत्तेखालून बाहेर काढते. आणि ज्यातून सुटका हवी होती त्यातच राहायचे असेल तर मग सुटका मागितली कशासाठी? जर्मन धर्मगुरू डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३७ साली नाझी राजवटीत लिहिताना ‘स्वस्त कृपा’ असा शब्दप्रयोग केला: पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिस्तीशिवाय बाप्तिस्मा, वधस्तंभाशिवाय कृपा. अशा कृपेला ते मंडळीचा प्राणघातक शत्रू मानत. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली.

क्रम मात्र नीट लक्षात घ्यावा लागतो, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय याच्या घरी येशू जातो ते जक्कय सुधारल्यावर नव्हे. तो आधी जातो, तेही लोक नावे ठेवत असताना, आणि त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो की माझे अर्धे धन मी गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो. आधी सुधारणा आणि मग स्वीकार, असा जगाचा क्रम आहे. इथे स्वीकार आधी आहे. पण त्यामागून चौपट परतफेड येते, हे वगळून ती गोष्ट सांगता येत नाही.

पीडितांचे काय?

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि त्याचे उत्तर गुळमुळीत असून चालणार नाही. कृपेचे नाव घेऊन अत्याचार करणाऱ्यांना पाठीशी घालण्याचे प्रकार चर्चच्या इतिहासात घडलेले आहेत. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंची बदली करून प्रकरण दाबले गेले, मार खाणाऱ्या बायकांना ‘क्षमा करा आणि घरी परत जा’ असे सांगितले गेले. हा कृपेचा गैरवापर आहे. क्षमा हे दान आहे, आणि दान तिसऱ्याने वसूल करता येत नाही. पीडित व्यक्तीवर तिची सक्ती करणारा माणूस त्या व्यक्तीवर दुसऱ्यांदा अन्याय करतो. क्षमा केली म्हणजे धोक्यात परत जावे, तक्रार मागे घ्यावी किंवा त्याच माणसाला त्याच पदावर बसवावे, असा अर्थ ख्रिस्ती शिकवणीतून निघत नाही. पुनःस्थापना म्हणजे प्रत्येक वेळी जुनी खुर्ची परत मिळणे नव्हे.

क्षमा आणि कायदा दोन्ही आपापल्या जागी राहून काय घडू शकते, याचे एक उदाहरण मध्य प्रदेशातील आहे. सिस्टर राणी मारिया या केरळच्या धर्मभगिनी (नन) देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात भूमिहीन आणि आदिवासी कुटुंबांना सावकारी जाचातून सोडवण्याचे काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये त्यांची हत्या झाली. मारेकरी समुंदर सिंग याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारिया यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. कुटुंबाने पुढे त्याच्या सुटकेसाठीही विनंती केली आणि अकरा वर्षे शिक्षा भोगून तो २००६ साली बाहेर आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, तेव्हा तो त्या सोहळ्याला उपस्थित होता. त्याला अटक झाली, खटला चालला, शिक्षा झाली. यांतले काहीही क्षमेने रद्द केले नाही. क्षमेने जे केले ते शिक्षा कधीच करू शकली नसती: ज्या घरातले माणूस त्याने मारले, त्या घराशी त्याचे नाते जोडले गेले.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे भांडण कशावरून?

१५१७ साली मार्टिन ल्यूथर यांनी पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवर हल्ला चढवला आणि त्यातून पश्चिम युरोपातील चर्च दुभंगले. ल्यूथर यांचा आग्रह असा की माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो. कॅथलिक चर्चने १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिले की आरंभ कृपेनेच होतो, पण माणूस तिला साथ देतो आणि आतून खरोखर बदलत जातो. सामान्य वाचकाने एवढे जाणले तरी पुरे की ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि आपल्या गुणांमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून मान्य केले. काही मतभेद उरले आहेत. मूळ मुद्द्यावर मात्र या दोघांच्या आता दोन फळ्या राहिलेल्या नाहीत.

महाराष्ट्राला हे परके आहे का?

विठोबाला पतितपावन म्हणणाऱ्या भूमीला पात्रतेपलीकडील प्रेम नवे नाही. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. फरक आहेत आणि ते पुसून टाकणे दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे ठरेल: ख्रिस्ती श्रद्धा कृपेला इतिहासातील एका घटनेशी, येशूला मृत्युदंड देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताच्या काळातील त्या एका वधस्तंभाशी बांधते, आणि फेडीसाठी पुढचा जन्म मानत नाही.

पंडिता रमाबाई यांनी मात्र या शिकवणीला मराठी मातीत घर बांधून दिले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लंडनजवळच्या फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती धर्मभगिनींनी चालवलेले काम त्यांनी पाहिले, आणि अशा स्त्रियांविषयी एवढी आस्था कोठून येते असे विचारले तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्या स्त्रीचे पाच नवरे झाले होते आणि भर दुपारी ती एकटी विहिरीवर पाणी भरायला आली होती. येशूने तिच्याकडे पाणी मागितले, तिचा भूतकाळ तिला सांगितला आणि तरीही तिला दूर लोटले नाही. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत (श्रद्धेच्या अनुभवकथनात) रमाबाई हेही सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त सापडला नव्हता. संस्कृताच्या प्रकांड पंडितेने, जिची पात्रता कलकत्त्याच्या विद्वानांनी मान्य केली होती, देवासमोर आपल्याकडे देण्यासारखे काही नाही असे लिहावे, ही साधी गोष्ट नाही. दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले, आणि त्याच आवारात लैंगिक शोषणाला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी वेगळे निवासस्थान झाले. त्याचे नाव त्यांनी कृपासदन ठेवले. तिथे राहणाऱ्यांना शिकवले जाई, काम दिले जाई. ज्यांना गावाने घरात घेतले नसते त्या स्त्रियांच्या हाती कौशल्य आले.

जे दुरुस्तच होत नाही, त्याचे काय?

श्रद्धा असूनही दारू सुटत नाही, नैराश्य परत परत येते, शरीर साथ देत नाही. अशा माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणारे लोक प्रत्येक मंडळीत भेटतात आणि ते त्याचे फार नुकसान करतात. पौलाला स्वतःला ‘शरीरातील काटा’ होता. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, आणि काटा निघाला नाही. त्याला मिळालेले उत्तर एवढेच होते की माझी कृपा तुला पुरेशी आहे. या उत्तराचा आधार घेऊन कोणाची औषधे बंद करणे हे अज्ञान आहे, कारण ते उत्तर देवाने पौलाला दिले होते. डॉक्टरकडे जाण्यापासून कोणाला अडवण्यासाठी ते दिलेले नाही.

मुंबईत याच नावाची एक संस्था आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. व्यसनात अडकलेल्यांसाठी तिथे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि अय्यंगार योग यांची सांगड घातलेली आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ कोणत्याही धर्माची नाही, पण तिची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटात आहेत, आणि तिची पहिली पायरी ऑगस्टीन यांना लगेच ओळखू आली असती: दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करणे. सभासद होण्यासाठी किती दिवस कोरडे राहिलात हे विचारले जात नाही. पिणे थांबवण्याची इच्छा, एवढी एकच अट आहे, आणि काल रात्री पुन्हा पिऊन आज सकाळी दारात आलेल्या माणसालाही ती पूर्ण करता येते.